तीन पाण्यांचा मणी

मी एक जुना मणी आहे, मित्रांनो. पण मणी म्हटल्याबरोबर गळ्याकडे हात नेऊ नका. दोरा ओवता येईल असं एकही भोक मला नाही. तसं पाहिलं तर भोकांशिवाय माझ्यात दुसरं फारसं काही नाहीही. पण ती इतकी बारीक की दोरा सोडाच, तुमची नजरसुद्धा त्यांतून जायची नाही. अंगाने मी साखरेच्या दाण्याएवढा. माझ्यासारखे काही लाख मणी एका काचेच्या बरणीत राहतात. बरणीवर एक चिठ्ठी आहे, तिची शाई आता चहासारखी झाली आहे. त्या चिठ्ठीवरचं अक्षर ज्यांचं, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. स्वतःची कहाणीही सांगेन, नाहीतर तुम्ही म्हणाल की आत्मवृत्त सांगायला बसला आणि दुसऱ्याचंच चरित्र वाचून गेला.

माझा जन्म एका पोलादी भांड्यात झाला. भांडं माणसाच्या उंचीचं, त्यात कढत पाणी आणि पाण्यात सतत फिरणारं एक पातं. वरून तेलासारखा द्रव ओतला की पात्याच्या फटक्याने त्याचे थेंब होत. त्यातला एक थेंब म्हणजे मी. थेंबात दोन जातींचे रेणू होते. एका जातीचे हातात हात घालून लांबच लांब साखळ्या करत सुटले. दुसऱ्या जातीचे स्वभावाने शिंपी. ते एका साखळीतून दुसरीत आडवे टाके घालत गेले. टाके पडले आणि आमचं भवितव्य ठरलं. आता आम्ही कशातच विरघळणार नव्हतो. फार तर फुगणार होतो. माणसांतही अशी बरीच असतात, मी जवळून पाहिली आहेत.

थेंबात तिसराही एक होता, त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. तो कुणाचा हात धरत नाही, टाके घालत नाही. भिंती उभ्या राहत असतात तेव्हा मधेच बसून राहतो आणि काम झालं की निघून जातो. त्याने अडवलेल्या जागा रिकाम्या राहतात, त्याच आमच्या खोल्या. पाहुणा साखळ्यांच्या फार प्रेमातला असेल तर शेवटपर्यंत मिसळून बसतो आणि खोल्या अगदी चिंचोळ्या होतात. साखळ्यांशी त्याचं पटत नसेल तर तो लवकर वेगळा पडतो आणि मोठमोठी दालनं करून जातो. आमच्या थेंबात दोन्ही स्वभावांचे पाहुणे बेतशीर मिसळलेले होते. तो बेत काकांचा, चिठ्ठीवरचं अक्षरही त्यांचंच.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. सगळा कारखाना त्यांना दमानेकाका म्हणायचा, कारण दिवसातून वीसदा ते कुणाला ना कुणाला “दमाने, दमाने” म्हणत. झाकण उघडणाऱ्याला दमाने, ओतणाऱ्याला दमाने, जेवणाच्या सुट्टीत घास घेणाऱ्यालासुद्धा दमाने. त्यांच्या तळहाताला तराजूची गरज नव्हती. पाहुणा मोजायचा तो वजनकाट्यावरच, पण काटा थांबायच्या आधी काका आकडा सांगत आणि काटा मुकाट्याने तिथे येऊन थांबत असे.

त्यांच्या हाताखाली त्यांचे साडू होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली काकांकडे, धाकटी साडूंकडे. काकांनीच त्यांना कामाला लावलं होतं. काका त्यांना साडूबुवा म्हणत आणि ते काकांना दादा. सुट्टीच्या दिवशी चौघं एकत्र जेवत, बहिणी स्वयंपाकघरात हसत आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत बसून भांड्याच्या पात्याबद्दलच बोलत. “घरी तरी ते ढवळणं थांबवा,” असं थोरली आतून ओरडायची. हे मला साडूंच्याच तोंडून कळलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

आता थोडं आमच्या स्वभावाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टोल्यूईन नावाचा एक द्रव आम्हाला जीव की प्राण आहे. त्यात पडलो की आमच्या साखळ्या सैल होतात, अंग मऊ होतं आणि आम्ही फुगतो. नळीत दहा रेघांपर्यंत असलेले मणी पंधरा रेघांवर जातात. टाके नसते तर लाडाने विरघळूनच गेलो असतो. ॲसिटोनशी आमची नुसती तोंडओळख आहे. स्पिरिटशी मात्र पटत नाही. ते आत आलं की साखळ्या अंग चोरतात, कडक होतात, भिंती जिथल्या तिथे ताठ उभ्या राहतात.

जन्मानंतर आम्हाला धुतात, आतला पाहुणा आणि उरलासुरला कचरा काढायला. हे धुणं टोल्यूईनने होतं. आणि धोका तिथेच आहे, मित्रांनो. टोल्यूईनमध्ये भिंती मऊ झालेल्या असतात. तशाच अवस्थेत वाळवायला टाकलं तर ते निघून जाताना भिंतींना आपल्यामागे ओढत नेतं. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर येतात, चिकटतात, खोली मिटते. ज्याच्यावर जीव टाकला तोच जाताना घर बसवून जातो. म्हणून टोल्यूईनला एकदम निरोप द्यायचा नसतो. त्याच्या जागी हळूहळू ॲसिटोन आणायचं, ॲसिटोनच्या जागी स्पिरिट, आणि भिंती ताठ झाल्या की मग वाळवायचं. स्पिरिट जातं तेव्हा कुणी त्याच्यामागे धावत नाही. खोल्या उघड्या राहतात.

काका याला “तीन पाणी देणं” म्हणत. त्यातलं एकही पाणी नव्हतं, पण कपडे तीन पाण्यांतून काढावेत तसं ते बोलत. एकेक पाणी एकेक दिवस. साडूंनी एकदा विचारलं होतं, “दादा, पण तीन का?”

“माझा वस्ताद तीन द्यायचा.”

“त्याला विचारलं नाही कधी?”

“विचारलं असतं तर चौथं माझ्या तोंडावर दिलं असतं त्याने.”

साडू हसले. पण त्यांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट काढली होती. प्रत्येक घाण्याबरोबर एक कार्ड असे. घाणा म्हणजे एका वेळी भांड्यातून निघालेला माल. कार्डावर प्रत्येक कामासाठी दोन बोटं रुंदीचा चौकोन होता आणि धुण्याच्या चौकोनात काका वर्षानुवर्षं एवढंच लिहीत: “टोल्यूईनने धुणे.”

“दादा, तिन्ही लिहा की.”

“जागा कुठाय त्यात? आणि मी आहे ना इथे.”

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. पुढे लागणार आहे.

आमचा घाणा भांड्यातून निघाला आणि टोल्यूईनमध्ये पडला, त्याच दिवशी काकांच्या लेकीचं बाळंतपण आलं. काका हातातलं फडकं खुंटीला लावत म्हणाले, “साडूबुवा, पहिलं पाणी चालू आहे. उद्या दुसरं दे, परवा तिसरं. मग वाळव. दमाने.”

“जा हो तुम्ही. आजोबा व्हायला दमाने जाता का?”

काका गेले आणि तासाभरात मोठे साहेब आले. साहेबांचं मन तसं वाईट नव्हतं, पण त्यांना घड्याळाची बाधा होती. एका औषध कारखान्याला आम्ही हवे होतो. त्यांच्या औषधाचा गढूळ काढा आमच्यातून गाळला की त्यातला रंग आणि घाण आमच्या भिंतींना चिकटते, औषध स्वच्छ होऊन खाली उतरतं. म्हणजे माणसांच्या पोटात जाणारी गोष्ट. त्यांची गाडी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच यायची होती.

“उद्या जमेल का?” साहेबांनी विचारलं. “की काकांची वाट बघायची?”

त्या शेवटच्या चार शब्दांनी घात केला. बारा वर्षं साडू ‘काकांचे साडू’ होते. जमेल म्हणण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी कार्ड पाहिलं. कार्डावर लिहिलं होतं, टोल्यूईनने धुणे, वाळवणे. पुढची दोन पाणी म्हणजे दादांचा लाड, असं त्यांनी स्वतःला समजावलं असणार.

“जमेल,” ते म्हणाले.

आणि आम्ही टोल्यूईनमधून निघालो ते थेट वाळवणीच्या कपाटात.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्रास झाला नाही. कपाटात ऊब होती, टोल्यूईन हळूहळू निघत होतं आणि आम्ही त्याच्या पाठोपाठ आत आत सरकत होतो. एक भिंत दुसरीला टेकली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं. मिटणं असं सुखाने होतं याचीच मला आजवर खंत आहे. दुखलं असतं तर मी निदान तडकलो असतो आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

सकाळी कपाट उघडलं आणि आम्ही चमकत होतो. एरवी आमच्यासारखे मणी दुधी दिसतात, कारण आतल्या असंख्य खोल्यांत उजेड अडखळतो. खोल्या मिटल्या तर उजेडाला अडवायला उरतं कोण? तो सरळ आरपार जातो आणि मणी काचेसारखा दिसतो. साहेबांनी थाळीतले चार मणी बोटावर घेतले.

“अरे वा! काचेसारखे! काकांच्या हातून असा माल कधी निघाला नाही.”

साडू फुगले. मी स्वतः फुगण्यातला जाणकार आहे, म्हणून सांगतो, दहा रेघांवरून पंधरावर गेले. गाडी मात्र आधी ठरलेल्याच दिवशी, म्हणजे आणखी दोन दिवसांनी आली; त्या सकाळी साहेब थाळीपाशी पुन्हा तेच कौतुक करत होते, तेवढ्यात दारात काका उभे राहिले. नात झाली होती. हातात खाऊचा पुडा होता, तो अर्धा उघडून त्यांनी पुढे केला आणि थाळीकडे पाहून हात तसाच राहिला.

“तिन्ही पाणी दिलीस?”

साहेब शेजारीच उभे होते. कौतुक अजून ओलं होतं. साडूंनी पुड्यातला खाऊ उचलला, तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाले, “दिली की, दादा.”

एवढंच. तीन शब्द, तेही भरल्या तोंडाने.

गाडीत माल चढवण्यापूर्वी त्यातला चिमूटभर मोजणीच्या खोलीत जायचा. तिथे एक तरुण बाई होत्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. त्यांच्या यंत्रात आमच्या अंगावरून एक वायू सोडायचे आणि तो किती चिकटला त्यावरून आतल्या भिंती मोजायचे. एका ग्रॅममध्ये नव्वद चौरस मीटर यायला हवे होते, म्हणजे चिमूटभर मण्यांत दोन खोल्यांच्या घराच्या सगळ्या भिंती. बाईंनी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. मग त्या खाली आल्या.

“काका, एक आलाय.”

“एकच मणी?”

“नाही हो. आकडा. एक चौरस मीटर. म्हणजे एवढं टेबल.”

काका टेबलाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यांना ठाऊक होतं की पाहुणा कमी पडला तरीही मणी असेच काचेसारखे निघतात. म्हणजे दोनच शक्यता. एकतर पाणी चुकलं, नाहीतर पाहुणा मोजण्यात हात चुकला. पाण्याबद्दल त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. उरला हात.

“माझाच चुकला,” ते साहेबांना म्हणाले. “लक्ष लेकीकडे होतं. काटा नीट पाहिला नसेन.”

साडू तिथेच होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, हेही मी पाहिलं आहे. मग ते मिटलं.

मोजणीबाईंनी अहवालात लिहिलं: “पाहुण्या द्रवाच्या मात्रेत चूक असण्याची शक्यता.” शक्यता हा शब्द त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला होता, पण वाचणाऱ्यांनी तो गाळूनच वाचला. माल गेला नाही. आमचे बहुतेक भाऊबंद भंगाराच्या पिंपात गेले. नियमाप्रमाणे प्रत्येक घाण्याचा एक नमुना ठेवायचा असतो, म्हणून एक बरणी उरली. काकांनी स्वतः तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, घाण्याचा आकडा घातला आणि त्याखाली लिहिलं, “हात चुकला.”

साहेबांनी त्यांना काढलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. त्यांना भांड्यावरून उठवून गोदामात बसवलं, चिठ्ठ्या चिकटवायला. भांड्यावर साडू आले. काका गोदामात दोन महिने टिकले. मग एका सोमवारी त्यांनी फडकं धुऊन खुंटीला लावलं आणि नोकरीची तीन वर्षं शिल्लक असताना घरी गेले. जाताना फक्त एवढंच म्हणाले, “हातावर भरवसा नसेल तर माणसाने भांड्याजवळ जाऊ नये.”

मी मोजणीच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर गेलो. तिथे माझी नऊ वर्षं गेली. वरून दिसतं फार. आणि मला कामधंदा नव्हता, म्हणून मी माणसांचं फुगणं आणि आटणं मोजत बसलो. साडूंनी त्या दिवसानंतर एकाही घाण्याचं एकही पाणी चुकवलं नाही. तीन म्हणजे तीन, घड्याळ लावून. त्यांचा प्रत्येक घाणा दुधी निघाला, प्रत्येक वेळी आकडा नव्वदच्या आसपास आला आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, “म्हणजे दोष काकांच्याच हाताचा होता.” इतकी चोख नोकरी करून कुणी कुणाचा इतका घात केलेला मी पाहिलेला नाही.

आकडे घ्यायला साडू मोजणीच्या खोलीत येत. ते खिडकीकडे पाहत, यंत्राकडे पाहत, स्वतःच्या चपलांकडे पाहत. वरच्या फळीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. सुट्टीची ती एकत्र जेवणं बंद पडली. काही ना काही निमित्त निघायचं, आज पाय दुखतो, आज पाहुणे आहेत. दोघी बहिणी लग्नकार्यात भेटत तेवढ्याच. धाकटी एकदा फोनवर रडली, हे साडूच कुणाला तरी सांगत होते, आणि सांगताना आवाज असा कोरडा ठेवत होते की माझ्या मिटलेल्या भिंती आणखी मिटल्या.

आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. माझ्यात काही मोडलेलं नव्हतं. मी फक्त मिटलो होतो. कुणी मला पुन्हा टोल्यूईन पाजलं असतं आणि मग रीतसर निरोप दिला असता, तर मी पहिल्याच आठवड्यात काकांच्या बाजूने साक्ष दिली असती. पण मला तोंड नाही. आणि ज्यांना तोंड होतं त्यांचं मी सांगितलंच.

नवव्या वर्षी खोलीला रंग द्यायचा निघाला. फळ्या रिकाम्या करताना मोजणीबाईंच्या हाती मी लागलो. त्यांचे केस आता कानांवर पांढरे झाले होते आणि हाताखाली दोन नवी माणसं आली होती. त्या दोघांना शिकवायला त्यांना असे न फुगणारे, भरीव मणी हवेच होते.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “यात खोल्या नाहीत आणि टाके भरपूर आहेत. टोल्यूईनमध्ये फारसं फुगणार नाही. दहाचे अकरा, फार तर साडेअकरा.”

त्यांनी चमचाभर आम्हाला नळीत घातलं, वर टोल्यूईन ओतलं आणि आम्ही नऊ वर्षांनी श्वास घेतला. दहा. अकरा. साडेअकरा. तेरा. बाई बोलायच्या थांबल्या. पंधरा.

“बाई, हे तर फुगलं,” एक जण म्हणाला.

“दिसतंय मला.” त्या नळी डोळ्यांसमोर धरून उभ्या होत्या. “इतके टाके असताना हे इतकं फुगायला नको. ही जागा आली कुठून?”

मग त्यांनी शिकवणी गुंडाळली, दोघांना बाहेर पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या. टोल्यूईन काढून ॲसिटोन घातलं. दुसऱ्या दिवशी ॲसिटोन काढून स्पिरिट. स्पिरिट आत शिरलं तसा नळीतला काचेचा रंग खालून वर ढगाळत गेला आणि आम्ही दुधी झालो. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला वाळवून यंत्रात घातलं. चौऱ्याऐंशी.

बाईंनी साडूंना वर बोलावलं. टेबलावर दोनच गोष्टी होत्या, बरणी आणि नळी.

“हा घाणा ओळखता?”

साडूंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“पाहुणा कमी पडला असता तर हे उघडलं नसतं,” बाई म्हणाल्या. “खोल्या होत्या. कुणीतरी मिटवल्या. थेट टोल्यूईनमधून वाळवलं ना?”

साडू स्टुलावर बसले. मग म्हणाले, “मॅडम, पहिल्या दिवशी सांगायचं होतं. त्या दिवशी साहेब समोर होते. दुसऱ्या दिवशी जड झालं. मग महिना गेला. मग म्हटलं आता सांगून काय. मग रोजच म्हणत राहिलो.”

“मी तरी काय केलं?” बाई म्हणाल्या. “कोरडंच मोजलं तीनदा. एकदा भिजवून पाहिलं असतं तर... ” आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. “चला. आजच जायचं.”

त्यांनी बरणीतले उरलेले मणीही तीन पाण्यांतून काढले, त्यात आणखी तीन दिवस गेले. आजचं ‘आजच’ असं लांबलं याबद्दल त्यांनाच हसू आलं. “काका म्हणाले असते, दमाने,” त्या म्हणाल्या. साडू हसले नाहीत.

काकांचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार थोरलीने उघडलं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दारात पाहून तिने आधी पदर सावरला, मग भुवई चढवली. “वाट चुकलात का?”

काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्चीत बसले होते. म्हातारपण अंगावर होतंच, पण मी पाहत होतो त्यांचे हात. ते मांडीवर एकमेकांत धरलेले होते, उधार आणलेली वस्तू सांभाळावी तसे.

“काकू, काका करतात काय दिवसभर?” बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“काय करणार? मला छळतात. पूर्वी आमटीत मीठ टाकायचे तर लांबून, न बघता. आता चिमूटभर मिठालाही चमचा लागतो, तोही सपाट करून. आणि वर मला विचारायचं, बरोबर आहे का. नऊ वर्षं आमच्या घरात तो चमचाच कर्ता पुरुष आहे.”

बाईंनी बरणी काकांच्या हातात दिली. त्यांनी चिठ्ठी वाचली, स्वतःचं अक्षर ओळखलं आणि तोंड फिरवलं. मग फिरवलेलं तोंड परत आणलं. खुर्चीतून उठून ते खिडकीपाशी गेले आणि बरणी उजेडात धरली.

“दुधी आहेत.”

“हो, काका. चौऱ्याऐंशी आलेत.”

“माझा घाणा?”

“तुमचाच. पाहुणा बरोबर होता. तुमचा हात चुकला नव्हता.”

साडू दाराशीच उभे होते, एक चप्पल पायात. “दादा,” ते म्हणाले, “दुसरं आणि तिसरं पाणी मी दिलं नव्हतं.”

थोरलीचा हात तोंडावर गेला. काकांनी बरणीचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि आमचा वास घेतला. आता आम्हाला कसलाच वास नव्हता.

“त्या दिवशी वास घेतला असता तरी कळलं असतं,” ते आमच्याकडे पाहतच म्हणाले. “टोल्यूईन लपत नाही. पण मी तुला विचारलं, आणि तू दिली म्हणालास. साडूच्या शब्दावर वास कोण घेतो?”

 साडूंनी सबब शोधली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

काकांनी बरणी खिडकीत ठेवली आणि ते स्वयंपाकघरात गेले. भांडं ठेवल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज आला. थोरली मागे धावली. “अहो, मी करते चहा. निदान चमचा तरी घ्या!”

“राहू दे चमचा.”

त्यांनी साखरेच्या डब्यात हात घातला आणि लांबून, न बघता, मूठ सोडली. पूर्वीसारखी. चार कप बाहेर आले. साडूंकडे न पाहताच, पण काकांनी त्यांनाही कप दिला. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि सगळेच कपात पाहू लागले. चहा नव्हे, पाक होता तो.

“छान झालाय,” बाई म्हणाल्या.

“काही छान नाही.” काकांनी कप खाली ठेवला आणि उजवा तळहात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “तेव्हा हात गेला नव्हता. आता गेलाय.”

मित्रांनो, मी पुष्कळ द्रव प्यायलो आहे, पण त्या चार कपांएवढं कडू मी काही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, एक पान फाडलं आणि साडूंपुढे ठेवलं. “लिही. तिन्ही पाणी. कुठलं कधी, किती वेळ, आणि का.”

“का ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, दादा?”

“ही पोरगी सांगेल. मी विचारलं नाही, तू विचारलंस तर मी उडवून लावलं. माझ्याही वाट्याचं लिही त्यात.”

बाई सांगत गेल्या, साडू लिहीत गेले. पान भरलं. “जागा संपली, दादा.”

“मागे लिही.”

माझी गोष्ट एवढीच. बाईंनी चौऱ्याऐंशी मोजले, पण पूर्वी नव्वद यायचे. वरचे सहा कुठे गेले ते मला माहीत आहे. ज्या भिंती नऊ वर्षं एकमेकींना चिकटून राहिल्या, त्यांतल्या काही आता सुटतच नाहीत. माझ्याही दोन-चार खोल्या तशाच मिटलेल्या आहेत. दोघी बहिणी पुन्हा एकत्र जेवतात म्हणे, पण धाकटी येते ती एकटी. साडू खाली रस्त्यापर्यंत सोडतात आणि परत जातात. काकांनी त्यांना अजून वर बोलावलेलं नाही. बोलावतील. दमाने.

तुमच्याकडून मला मोठं काही नको. कुणी एकदम आटलेलं, मिटलेलं दिसलं तर पिंपात टाकण्याआधी एकदा भिजवून पाहा. जे दिलं नसेल ते दिलं म्हणू नका, विशेषतः जो तुमच्या शब्दानंतर वास घेणार नाही त्याला. आणि जे फक्त तुमच्या हाताला येतं ते कुठेतरी लिहून ठेवा, चौकोन कितीही लहान असला तरी.

भांड्याशेजारच्या भिंतीवर आता नवं कार्ड लावलं आहे. दोन बोटांचा चौकोन जाऊन वीतभर झाला आहे. त्यात तीन पाणी साडूंच्या अक्षरात आहेत, कारणासकट. आणि सगळ्यात खाली, थरथरत्या रेघेत, काकांनी स्वतः एक ओळ लिहून पाठवली आहे:

“मी इथे नाही. म्हणून लिहिले आहे.”